नमुन्याची आई

माझ्या आईचा हात त्या पोरीनं भर खोलीत तापलेल्या इस्त्रीवर ठेवला आणि मॅडमनी डोळ्यांना रुमाल लावला. मी मागच्या रांगेत बसले होते, तालमीसाठी मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, आणि क्षणभर मला वाटलं की माझंच लक्ष नाहीये, मीच मनात काहीतरी जुनं उगाळत बसलेय आणि ते तिच्या बोलण्यात मिसळतंय. पण नाही. "आई दिवसभर उभी असायची," ती सांगत होती, "चादरींचे ढीग संपायचे नाहीत. एकदा उभ्या उभ्याच तिचा डोळा लागला आणि हात इस्त्रीवर पडला. मला कळू नये म्हणून तिनं फडकं गुंडाळलं. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही गं, हाताला थंडी वाजतेय." हाताला थंडी वाजतेय! हे वाक्य माझं आहे. म्हणजे माझ्या आईचं. म्हणजे ते काय आहे ते जाऊ दे, पण या पोरीचं तर खासच नाही. तिची आई, माझ्या माहितीप्रमाणे, दुपारी टीव्ही बघते आणि संध्याकाळी जावेशी भांडते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि गंमत म्हणजे, ती पोरगी बोलत होती मात्र झकास. जिथे मी तीन वर्षं घाईघाईनं पुढे जायचे तिथे ती थांबत होती, आवंढा गिळत होती. चोरानं आपल्याच घरातली साडी नेसून यावं आणि ती त्याला आपल्यापेक्षा शोभावी, तसं.

आमच्या विद्यापीठात ही शिष्यवृत्ती हुशार आणि गरीब असणाऱ्या मुलींसाठी आहे. नुसती हुशार चालत नाही, आणि नुसत्या गरिबीला तर कुत्रं विचारत नाही. शिवाय यांचा एक लाडका उपक्रम आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलीच्या गळ्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी बांधायची. आम्ही मेंटॉर, त्या मेंटी. आई फोनवर विचारते, "तुझी मेंढी काय म्हणते?" आणि स्वतःच खो खो हसते. या मेंटीला ग्रंथालय दाखवायचं, कुठल्या सरांच्या तासाला पुढे बसायचं ते सांगायचं, घरची आठवण येऊन रडायला लागली तर शेजारी बसून पाठीवरून हात फिरवायचा. हे झालं कागदावरचं. खरं काम कुठेच लिहिलेलं नाही, पण ते सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षाअखेरच्या मेळाव्यात मेंटी उभी राहून आपली गोष्ट सांगते आणि ती गोष्ट तिच्याकडून मेंटॉरनं बसवून घ्यायची असते. वसतिगृहात मुली एकमेकींना विचारतात, "तुझी गोष्ट झाली का?" पोळ्या झाल्या का विचारावं तसं. समोर बसतात पंखेवाले आजोबा आणि आजी, ज्यांच्या पंख्यांच्या कारखान्यातून हा सगळा दानधर्म चालतो. आजोबा पेंगतात. आजी ऐकतात. आजींनी पर्स उघडून रुमाल काढला की समजायचं, पोरीची पुढची वर्षं पार पडली. नियमात गुण-बिण, हजेरी-बिजेरी बरंच काही लिहिलेलं आहे, पण नियम वाचतं कोण, आणि आजींच्या डोळ्यांत पाणी आलेल्या पोरीला काढायची हिंमत हा सगळा कारभार बघणाऱ्या मॅडमच्या पिढ्यान्‌पिढ्यांत नाही.

माझी मेंढी तर एका विषयात चक्क नापास झालेली. म्हणजे तिचं सगळंच आजींच्या पर्सवर. पर्स उघडली नाही तर पोरीनं सामान बांधायचं आणि घरी जाऊन काकाच्या औषधाच्या दुकानात गल्ल्यामागे उभं राहायचं, पुढचं सगळं काकानं ठरवून ठेवलेलं. हे मला तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, अगदी कोरड्या तोंडानं. मी तिचं नाव होताई ठेवलं होतं, कारण काहीही म्हटलं तरी ती "हो ताई" म्हणायची. इकडे ये. हो ताई. एवढं तेल लावत जाऊ नकोस केसांना. हो ताई. असल्या गरीब गायीचा मला मनापासून तिटकारा आहे. यांना लाथ मारली तरी आधी विचारतील, ताई, तुमच्या पायाला लागलं का?

आणि तिची गोष्ट! ती काढायला कँटीनमध्ये बसलो तेव्हा मी अक्षरशः हात टेकले. "घरी काय परिस्थिती?" मी विचारलं. "बेताचीच," ती म्हणाली, "पण बाकी बरं चालतं." "वडील?" "आहेत." "पितात?" "चहा." मी तिच्याकडे बघत राहिले. चेष्टा करत नव्हती. "आजारी वगैरे?" "गुडघा दुखतो त्यांचा, जिना चढताना." "आई?" "आई मजेत असते." आता मजेत असणाऱ्या आईचं मी काय करू? लोणचं घालू? या पोरीला समजतच नव्हतं की आजींना गुडघा पुरत नाही. मी तिला नमुना म्हणून माझी गोष्ट म्हणून दाखवली, लाँड्री, चादरी, इस्त्री, फडकं, सगळी. बघ, अशी असते गोष्ट. ती तोंडाचा आ करून ऐकत होती, चहावर साय धरली तरी तिला भान नाही. म्हणाली, "ताई, माझ्याकडे असं काहीच नाही हो." मला वैताग आला. माझा अभ्यास पडलेला, प्रबंध पडलेला, आणि मी हिच्या घरात दुःख शोधत बसलेय. मी उठता उठता म्हटलं, "मग माझीच घे. पाठ कर आणि म्हण." कुणालाही कळलं असतं की मी कुत्सितपणे बोलतेय. बाकावरच्या बशीलाही कळलं असतं. तिनं मान हलवली. "हो ताई."

तालीम संपल्यावर जिन्यात तिनं मला गाठलं. चेहरा नुसता उजळलेला. "ताई, बरं झालं ना? फडक्याशी जरा जास्त थांबले का मी?" मी तिच्या तोंडाकडे बघितलं. त्यात लबाडी असती तर मी एक ठेवून दिली असती, पण लबाडीलाही डोकं लागतं. "तुम्हीच म्हणालात ना घे म्हणून," ती म्हणाली, आता जराशी घाबरून. "वडील नाहीत असं मी माझ्या मनानं घातलं. चालेल ना?" तेवढ्यात मॅडम आल्या, हातात त्यांचा तो कायमचा पाण्याचा उभा ग्लास. मॅडमचा आवाज मऊ आहे. मऊ म्हणजे शिळ्या पावासारखा. "बाळा, किती सुंदर बसवलीस गं गोष्ट!" मला वाटलं आता म्हणतील, आता त्यांना आठवेल. कारण पहिल्या वर्षी माझी गोष्ट ऐकून यांनीच मला मिठी मारली होती, आणि नंतर प्रत्येक पाहुण्यापुढे मला उभं करून ती म्हणायला लावली होती. "जराशी तुझ्यासारखीच आहे नाही?" मॅडम म्हणाल्या, ग्लासमधला घोट घेत. "पण ते व्हायचंच. तुमच्या सगळ्यांच्या आया इथून तिथून सारख्याच गं." आणि खाली उतरून गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत येत राहिला. मला इतकी शिसारी आली की मी होताईला तिथेच सोडून खोलीवर गेले आणि दार लावून घेतलं.

सारख्याच म्हणे. यांनी माझी आई पाहिली आहे का? ती एका मोठ्या लॉजच्या लाँड्रीत होती, अजूनही आहे. तळघरातली लांब खोली, वाफेनं भरलेली, भिंतींना कायम घाम, आणि मधोमध लोखंडी पायांची टेबलं. शाळा सुटली की मी तिथे जायचे. मशीनमधून नुकत्याच निघालेल्या चादरींचा ढीग कोपऱ्यात असायचा, त्यात मी पाठ रुतवून बसायचे, आणि गरम कापडाचा तो वास, जो मला अजून कुठेही आला की आधी झोप येते आणि मग भूक लागते. आई आणि तिची मैत्रीण, जिला मी जाडी मावशी म्हणायचे, दोन टोकं धरून चादर झटकायच्या, जवळ यायच्या, लांब जायच्या, पुन्हा जवळ यायच्या, आणि दर वेळी जवळ आल्या की एकमेकींच्या कानात काहीतरी बोलून फिदीफिदी हसायच्या. लॉजमध्ये उतरणाऱ्या लोकांची नावं ठेवलेली त्यांनी. चादरीवरून माणूस ओळखायच्या. मॅनेजर वरून ओरडायचा, काय चाललंय? आई खालून ओरडायची, इस्त्री चाललीये, येता का शेकायला? मॅनेजर नाही, मॅनेजरचा बाप आला तरी तिचं तोंड बंद व्हायचं नाही. शाळेच्या संमेलनात मला झाड केलं होतं तेव्हा तिनं प्रेक्षकांतून उठून बाईंना सुनावलं होतं की माझ्या मुलीला पुढे घ्या, झाड काय मागेच उगवतं का? मला त्या वेळी धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं. आणि तो हात भाजला तोही मावशीनं कुठल्याशा पाहुण्याची नक्कल केली म्हणून. हसता हसता आईचा तोल गेला आणि हात टेकला इस्त्रीवर. बोंबलली, शिव्या घातल्या, आणि मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर पुन्हा हसत बसली. हाताला थंडी वाजतेय हेही म्हणाली होती खरं. मावशी म्हणाली, फडकं काय गुंडाळलंयस राणीसारखं, तर आई म्हणाली, काही नाही गं, हाताला थंडी वाजतेय. आणि दोघी टेबलावर डोकं ठेवून हसल्या.

मी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. ढीग होते, वाफ होती, हात भाजला होता, फडकं होतं. फक्त हसणं काढलं आणि त्याच्या जागी झोप ठेवली. मॅडमच म्हणाल्या होत्या, पहिल्या वर्षी, माझा कागद हातात घेऊन, "इथे हसतात हे जरा विचित्र वाटतं, नाही का बाळा?" मावशी काढली, कारण मैत्रीण असली की माणूस एकटा वाटत नाही. वडिलांबद्दलही म्हणाल्या, फार सांगू नकोस, गोंधळ होतो. वडील ट्रकवर असतात, महिन्या-दोन महिन्यांनी येतात, येताना मला कुठल्या कुठल्या गावच्या टोप्या आणतात. तेही काढले. पंखेवाल्यांना एका वेळी एकच दुःख पेलतं, आणि तेही स्वच्छ धुतलेलं, कडक इस्त्रीचं लागतं. मी दिलं. मला शिकायचं होतं, आणि जे गिऱ्हाईक मागतं ते दुकानात ठेवावं लागतं. त्यात मला कधी काही वाटलं नाही, आणि आताही वाटत नव्हतं. वाटत होतं ते एवढंच, की ही माझी वस्तू आहे. मी घडवली, मी घासली, आणि ती कुणी एक होताई, जिच्या बापाचा गुडघा दुखतो, ती घालून आजींपुढे मिरवणार.

मॅडमना सांगणं सोपं होतं. पण मॅडमनी काय केलं असतं? मऊ आवाजात म्हणाल्या असत्या, बाळा, आता मेळावा तोंडावर आहे. झाकून टाकलं असतं. मला झाकायचं नव्हतं. मला बघायचं होतं त्यांच्या सगळ्यांच्या तोंडाकडे, मॅडमच्या, आजींच्या, रुमाल हातात असताना. आणि ते करायला माझ्याकडे एक माणूस होतं, ज्याला आयुष्यात कधी गप्प बसता आलं नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलींना घरचं कुणी आणायची परवानगी असते. आधी मी आणणारच नव्हते. आता आईला फोन केला. "मी काय घालू गं?" ती ओरडली. ती फोनवर नेहमी ओरडते. "ती निळी साडी घालू का? मेंढी पण असेल का?" "असेल," मी म्हटलं, "ती बोलणार आहे. तू नीट ऐक हं." "ऐकते की. बहिरी आहे का मी?" फोन ठेवल्यावर मी आरशात बघितलं तर मी हसत होते. छान वाटत होतं. बऱ्याच दिवसांनी इतकं छान वाटत होतं.

मेळाव्याच्या दिवशी सभागृहात अर्थातच सगळीकडे पंखेवाल्यांचेच पंखे गरगरत होते. मी आईला दुसऱ्या रांगेत, आजींच्या बरोब्बर मागे बसवलं. निळी साडी, चुरगळल्याची एक रेघ नाही. ती मान उंचावून सगळीकडे बघत होती आणि मला ढोसत होती. "त्या पडद्याला इस्त्री नाहीये बघ. एवढे पैसेवाले आणि." समोर आजी वळून गोड हसल्या, आईनेही भरघोस हसून उत्तर दिलं. दोन-तीन मुलींच्या गोष्टी झाल्या. एकीचं घर पुरात गेलं होतं, एकीची आजी डोळ्यांनी अधू होती. आजींची पर्स बंदच. मग होताई उभी राहिली. केसांना तेल नव्हतं. तिनं मला गर्दीत शोधलं, सापडले तशी मान हलवली, आणि मग तिची नजर माझ्या शेजारी गेली. तिला कळलं. नुसतं बघूनच कळलं, कारण आईचं नाक आणि माझं नाक एकच आहे. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. मी तिच्याकडे बघून हसले. मनात म्हटलं, म्हण आता. मॅडम पुढून बोटानं खूण करत होत्या, सुरू कर, बाळा.

आणि तिनं म्हटली. दुसरं म्हणणार काय, तिच्याकडे दुसरं होतंच काय. आवाज थरथरत होता, पण तो भीतीनं थरथरतोय हे फक्त मला माहीत, बाकीच्यांना ते दुःखच वाटलं. लाँड्री आली. मी आईच्या हाताकडे बघत होते, मनगटाच्या वर तो गुळगुळीत तांबूस डाग आहे, तो मला दिसत होता. आता. ढीग आले. आता उठेल. तळघर आलं, वाफ आली, कोपऱ्यात बसून अभ्यास करणारी मुलगी आली. आई पुढे झुकली. मी खुर्चीची कड घट्ट धरली, आता ती ओरडणार, ए पोरी, हे तर आमचं! सगळं सभागृह वळणार. इस्त्री आली, हात आला, फडकं आलं. हाताला थंडी वाजतेय, होताई म्हणाली आणि तिला पुढे बोलवेना. समोर आजींनी पर्स उघडली. आणि माझ्या शेजारी काहीतरी वाजलं, मी पाहिलं तर माझी आई पदर तोंडात धरून हुंदके देत होती. माझ्या आईला मी रडताना कधी पाहिलंच नव्हतं. तिनं माझा हात धरला, त्याच भाजलेल्या हातानं, आणि इतका आवळला की माझी बोटं दुखायला लागली. "बाई गं," ती कुजबुजली. कुजबुजली, माझी आई! "काय काढलं असेल गं हिच्या आईनं. आणि बाप पण नाही लेकराला."

पुढे टाळ्या झाल्या, आजींनी व्यासपीठावर जाऊन होताईला जवळ घेतलं, फोटो निघाले. मी कुठे बघत होते मला आठवत नाही. चहाच्या टेबलाशी आई मला ओढतच घेऊन गेली. "मला भेटव तुझ्या मेंढीला." होताई भिंतीला टेकून उभी होती, हातात बिस्कीट, तोंडात काही नाही. आईनं तिचा गाल धरला. "पोरी, मी पण इस्त्रीवालीच आहे बघ," ती म्हणाली, "हे बघ, मला पण भाजलंय. पण माझं आपलं मस्करीत. तुझ्या आईसारखं नाही गं माझं. कुठल्या लाँड्रीत होती तुझी आई? ओळखीची निघेल एखाद्या वेळी." होताई माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मला बघवेना. मागे मॅडम उभ्या, कान टवकारून, उभा ग्लास छातीशी. मी एक शब्द बोलले असते तर संपलं असतं सगळं. एवढ्याचसाठी तर मी आईला आणलं होतं. "ती लाँड्री बंद झाली, आई," मी म्हटलं. माझाच आवाज मला मॅडमसारखा मऊ वाटला. आई हळहळली. "मग आईला सांग," ती होताईला म्हणाली, "असं एकटीनं सोसत राहू नये. एखादी मैत्रीण जोडावी. आम्ही काय हसायचो कामावर, हिला विचार!" होताईनं बिस्कीट मुठीत धरलं. "हो," ती म्हणाली, आणि पुढचं ताई तिला म्हणताच आलं नाही.

बाहेर पडलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. बसथांब्यापर्यंत आईची बडबड सुरू होती, त्या मॅडम किती चांगल्या, ती म्हातारी किती मायाळू, बिस्किटं मात्र मऊ पडलेली. तिनं पुन्हा एकदा डोळे पुसले आणि मग जणू काही सहजच सुचल्यासारखं म्हणाली, "तू पण पहिल्या वर्षी अशीच उभी राहिली असशील ना गं सगळ्यांपुढे? तू काय सांगितलंस?" मी म्हटलं, चल, बस येईल. "अगं सांग की," ती म्हणाली, "आपल्याकडे तर असलं सांगण्यासारखं काहीच नव्हतं." आणि ती तिथेच फुटपाथवर थांबून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.